आतड्यांतील जीवाणू आणि आपली संप्रेरके

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला-सभेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, उद्योगधंदे, विवाहातील अनिष्ट चाली अशा विषयांवर विद्वानांची भाषणे आपण दरवर्षी ऐकत आला आहात. त्या ठिकाणी आतड्यांतील जंतूंविषयी बोलावयास एक डॉक्टरीण उभी राहावी, आणि तेही पंगत बसण्याच्या आधी, हे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. तरीपण हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. त्याचे कारण प्रथम सांगते.

काही दिवसांपूर्वी एक माता आपल्या एकोणीस वर्षांच्या कन्येला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीची मासिक पाळी दोन वर्षे अनियमित होती. वजन वाढत होते. चेहऱ्यावर लव दिसू लागली होती. मी कागद पुढे ओढताच आई हळूच म्हणाल्या, “डॉक्टरबाई, हे कोठे लिहून ठेवू नका. उद्या स्थळे यावयाची आहेत.” दोन वर्षे त्या मुलीने कोणाचे उपचार घेतले, तर जाहिरातीतील कसल्याशा जीवाणूंच्या पुड्यांचे! “सर्व हॉर्मोन्स पोटातून सुधारतात,” असे त्या पुडीवर छापले होते. या वाक्यात सत्याचा अंश किती आणि व्यापाराचा किती, हे आपल्याला कळावे म्हणून आजचा हा प्रपंच.

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात जीवाणूंची प्रचंड वस्ती असते. शरीरातील पेशींच्या दसपट जीवाणू आपल्यात असतात, असे पुष्कळ वर्षे पुस्तकांतून सांगितले जात असे. २०१६ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी हा हिशोब पुन्हा काळजीपूर्वक मांडला, तेव्हा जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरी, असे दिसून आले. या सर्व जीवाणूंचे एकत्र वजन भरते अवघे २०० ग्रॅमच्या आसपास. परंतु वजनावरून कर्तबगारी ठरत नसते. आपल्या शरीराला जी रासायनिक कामे मुळीच करता येत नाहीत, ती हे पाहुणे करतात. किंबहुना त्यांना पाहुणे म्हणण्यापेक्षा कुळे म्हणणे अधिक शोभेल. कारण ते आपली जमीन कसतात आणि खंडही देतात.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनाबद्दल. परंतु त्याच सुमारास त्यांनी असेही प्रतिपादन केले होते की, आतड्यांतील अपायकारक जंतू मनुष्यास अकाली वृद्ध करतात आणि आंबवलेले दूध हा त्यावरील उपाय होय. त्यांची उपपत्ती जशीच्या तशी टिकली नाही; पण आतड्यांतील जीवाणूंचा सबंध शरीराच्या प्रकृतीशी संबंध असतो, ही दृष्टी मात्र टिकली.

आता संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, याविषयी दोन शब्द. शरीराच्या एका भागात निर्माण होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला आज्ञा पोचविणारा जो पदार्थ, तो संप्रेरक. पहिले संप्रेरक सापडले ते कोठे, हे ऐकून आपणास मौज वाटेल. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी ते शोधले, ते लहान आतड्याच्या अस्तरात. अन्न जठरातून पुढे आले की ते स्वादुपिंडाला पाचक रस सोडण्याचा निरोप देते. पुढे १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रचारात आणला. तात्पर्य, संप्रेरकशास्त्राचा जन्मच मुळी आतड्यात झाला आहे.

स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे उदाहरण घेऊन मी जीवाणूंची करामत सांगते. हे संप्रेरक मुख्यतः बीजकोशात तयार होते व रक्तातून सर्वत्र फिरते. त्याचे काम झाले म्हणजे यकृत त्याला विशिष्ट आम्लाची जोड देऊन निष्क्रिय करते. जणू लिफाफ्यात घालून वर लाखेची मोहोर उठविते. असे मोहोरबंद इस्ट्रोजेन काही मूत्रावाटे जाते व काही पित्तावाटे आतड्यात उतरते. यकृताच्या दृष्टीने प्रकरण येथे निकालात निघालेले असते. परंतु आतड्यातील कित्येक जीवाणूंपाशी ती मोहोर फोडणारे एक विकर असते. मोहोर फुटली की इस्ट्रोजेन पुन्हा मोकळे होते, आतड्याच्या भिंतीतून शोषले जाते आणि रक्तात परत येते. म्हणजे टाकून दिलेला माल पुन्हा बाजारात येतो! तो किती यावा, हे अंशतः या जीवाणूंच्या हाती असते. जीवाणूंच्या ज्या जनुकांमुळे हे काम होते, त्यांच्या समूहाला शास्त्रज्ञांनी २०११ साली ‘इस्ट्रोबोलोम’ असे स्वतंत्र नावही दिले.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती योगायोगाने. १९७० च्या सुमारास गर्भवती स्त्रीच्या मूत्रातील इस्ट्रोजेनचा एक प्रकार मोजून गर्भाच्या प्रकृतीचा अंदाज घेण्याची पद्धत होती. आकडा उतरला की डॉक्टर चिंतेत पडत. १९७१ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी असे प्रसिद्ध केले की, अँपिसिलिन हे जंतुनाशक औषध घेणाऱ्या गर्भवतींमध्ये हा आकडा उतरतो. मग याचे कारण काय? औषधाने आतड्यातील जीवाणू मारले होते. मोहोर फोडणारे कोणी उरले नाही. म्हणून इस्ट्रोजेन परत न शोषले जाता मळावाटे निघून गेले. आकडा खाली आला तो गर्भाच्या दोषामुळे नव्हे, जीवाणूंच्या अभावामुळे. ज्यांना आपण केवळ घाण समजत होतो, त्यांच्यावाचून रक्तातील संप्रेरकाचा हिशोब जुळत नाही, हे त्या दिवशी वैद्यकाला मान्य करावे लागले.

याच धाग्याचे दुसरे टोक आहारात आहे. १९८२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी पाळी चालू असलेल्या १० शाकाहारी आणि १० मिश्राहारी स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली. शाकाहारी स्त्रियांच्या आहारात तंतू अधिक होते. त्यांच्या मळाचे प्रमाण अधिक होते. मळावाटे बाहेर जाणारे इस्ट्रोजेनही अधिक होते. आणि रक्तातील इस्ट्रोजेन त्या मानाने कमी होते. वीस स्त्रियांवरून त्रैराशिक मांडून सर्व जगाचे अनुमान काढणे धाडसाचे होईल, हे मी जाणते. तरी ताटातील भाजीभाकरीचा रक्तातील संप्रेरकाशी संबंध पोचतो, हे त्यावरून दिसले. इस्ट्रोजेन दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिल्यास स्तनाच्या व गर्भाशयाच्या काही कर्करोगांचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे; म्हणून या संबंधाचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही.

आणखी एक हकीकत ऐका. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० नंतरच्या काही वर्षांत धनगरांवर मोठेच संकट कोसळले. धष्टपुष्ट दिसणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. शोध करता १९४६ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या कुरणांत एका जातीची त्रिपर्णी गवती वनस्पती फार माजली होती, त्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांनाच ही बाधा होते. पुढे उलगडा झाला तो असा की, त्या पाल्यातील एका द्रव्यावर मेंढीच्या पोटातील जीवाणू क्रिया करतात आणि त्यातून इक्वॉल नावाचा, इस्ट्रोजेनसारखा वागणारा पदार्थ बनतो. पाल्यातील द्रव्य तसे सौम्य. पोटातील जीवाणूंनी त्याला धार लावली.

हाच इक्वॉल १९८० नंतर मनुष्याच्या मूत्रातही सापडला. सोयाबीन खाणाऱ्या काही माणसांच्या आतड्यातील जीवाणू तो तयार करतात, काहींचे करीत नाहीत. पाश्चात्त्य लोकांत सुमारे २५ ते ३० टक्के, आणि जपान, कोरिया, चीन येथे सुमारे ५० ते ६० टक्के लोकांना तो बनविता येतो. मनुष्याने खाल्लेल्या प्रमाणात त्याने मेंढीसारखे वंध्यत्व येत नाही, हे येथे स्पष्ट सांगते. उलट पाळी थांबण्याच्या वयात अंगातून ज्या गरम वाफा येतात, त्या त्याने थोड्या कमी होतात असे काही चाचण्यांत आढळले आहे. माझा मुद्दा निराळा आहे. दोन जावा एकाच चुलीवरचे तेच अन्न खातात. एकीला ते मानवते, दुसरीला मानवत नाही. आपण त्याला नशीब म्हणतो किंवा दुसरीला नाटकी ठरवितो. त्या भेदाचे एक कारण त्यांच्या आतड्यांतील निरनिराळ्या वस्तीत असू शकते, हे आता कळले आहे.

इस्ट्रोजेनखेरीज अन्य संप्रेरकांवरही या जीवाणूंचा हात पोचतो. आपण खाल्लेल्या कोंड्याचे, सालींचे, पालेभाजीचे जे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यात जाऊन जीवाणूंचे अन्न होतात. त्यांपासून काही लहान मेदाम्ले बनतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन होय. हीच आम्ले अस्तरातील विशिष्ट पेशींना चेतवितात आणि त्या पेशी ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक सोडतात. ते जेवणानंतर इन्सुलिनला साहाय्य करते व भूक शांत झाल्याची वर्दी मेंदूला देते. वजन व मधुमेह यांवर ज्या नव्या इंजेक्शनांचा आज बोलबाला आहे, ती याच संप्रेरकाची नक्कल आहेत. मात्र शरीरातील मूळ संप्रेरक दोनचार मिनिटांतच नष्ट होते, आणि त्यांतील कित्येक इंजेक्शनांचा परिणाम आठवडाभर टिकतो. म्हणून भाकरी खाऊन इंजेक्शनाचे काम होईल, असे कोणी समजू नये. पण भाकरी निरुपयोगी आहे, असेही समजू नये.

सेरोटोनिन हे द्रव्य मनाच्या अवस्थेशी निगडित म्हणून प्रसिद्ध आहे. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच असते. २०१५ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले की, उंदरांच्या आतड्यातील काही जीवाणू ते बनविण्यास अस्तराच्या पेशींना प्रवृत्त करतात. परंतु आतड्यातील सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. म्हणून ‘दही खा आणि उदासीनता घालवा’ हा उपदेश शास्त्राला धरून नाही. दुसरा प्रयोग २००४ साली जपानमधील क्यूशू येथे झाला. संपूर्ण जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना कोंडून ताण दिला असता त्यांच्यात ताणाची संप्रेरके प्रमाणाबाहेर उसळली. लहान वयातच त्यांना नेहमीचे जीवाणू दिले तर हा दोष सुधारला. उशीर झाल्यावर सुधारला नाही. बाल्यावस्थेतील संस्कार म्हणतात ते मनालाच नव्हे, आतड्यालाही होत असावेत!

आता ज्या विषयाने प्रारंभ केला त्याकडे वळते. त्या मुलीचा विकार पीसीओएस या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील १०० स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना तो असतो, आणि त्यांतील बहुसंख्य जणींना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसते. म्हणजे या सभागृहात शंभर तरुण भगिनी बसल्या असतील, तर त्यांत दहाजणी निघाव्यात. या विकारात पुरुषी संप्रेरके वाढतात, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि पाळीचे चक्र बिघडते. अशा स्त्रियांच्या आतड्यातील जीवाणूंची वस्ती इतरांहून वेगळी असते, असे अनेक ठिकाणी आढळले. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी अशा स्त्रियांचे आतड्यातील जीवाणू उंदरांत घातले, तेव्हा त्या उंदरांच्या बीजकोशांत तसाच बिघाड उत्पन्न झाला. ही महत्त्वाची गोष्ट आहे; कारण ‘सोबत आढळणे’ आणि ‘कारण असणे’ यांत अंतर असते, आणि या प्रयोगाने ते अंतर काहीसे कमी केले.

परंतु, भगिनींनो, उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. अमुक जीवाणूची पुडी घेतली की पीसीओएस बरा होतो, असे आजमितीस सिद्ध झालेले नाही. मळाची तपासणी करून ‘तुमचे जीवाणू असे आहेत, म्हणून हे खा व ते घ्या’ असे सांगणाऱ्या महागड्या चाचण्या निघाल्या आहेत. त्यांवरून या विकाराचा उपचार ठरविण्याइतके शास्त्र पुढे गेलेले नाही. जे सिद्ध आहे ते साधे आहे. वजन जास्त असल्यास ते थोडे जरी उतरले तरी पाळी सुधारू शकते. नियमित व्यायाम, योग्य आहार आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांनी हा विकार ताब्यात राहतो. आणि असा विकार असलेल्या बहुतेक स्त्रिया, काहीजणी उपचारांच्या साहाय्याने, माता होऊ शकतात. उलट तो लपवून ठेवला तर पुढे मधुमेहाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लपविण्याने स्थळ जुळेलही. प्रकृती जुळत नाही.

म्हणून वधूवर-सूचक समितीच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे. ‘मुलगी निकोप आहे ना?’ हा प्रश्न ज्या स्वरात विचारला जातो, तो स्वर बदलावा. चष्मा लागला म्हणून आज कोणी मुलगी नाकारीत नाही. तसेच उपचाराने ताब्यात राहणाऱ्या या विकाराकडे पाहावे. आणि मुलाकडच्या मंडळींनी आपल्या घरातील मधुमेहाचा इतिहासही तितक्याच मोकळेपणाने सांगावा.

दुसरी विनंती जंतुनाशक औषधांविषयी. सर्दीपडसे बहुधा विषाणूंमुळे होते व त्यावर या औषधांचा काडीचाही उपयोग होत नाही. आतड्यातील वस्तीचा मात्र विध्वंस होतो. २०१४ पासून आपल्या देशात कित्येक जंतुनाशकांच्या विक्रीवर विशेष निर्बंध आहेत, तरी शेजारणीच्या चिठ्ठीवर औषध आणण्याची आपली सवय जात नाही. याचा अर्थ जंतुनाशके वाईट, असा नव्हे. क्षय, न्यूमोनिया, विषमज्वर यांत ती प्राण वाचवितात. तेथे डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ती घेतलीच पाहिजेत. तसेच थायरॉइडची गोळी किंवा इन्सुलिन बंद करून दह्याताकावर भिस्त ठेवण्याचा अविचार कोणी करू नये.

मग घरी करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांना दररोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घेण्याची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच सडीक तांदळात किंवा मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. ज्या ज्वारीबाजरीला आपण गरिबांचे अन्न म्हणून हिणवले आणि सुबत्ता येताच ताटातून हद्दपार केले, तिच्यात या जीवाणूंचे भांडवल होते. मोड आलेली मटकी, चवळी, मेथी-शेपूसारख्या पालेभाज्या, शेवग्याच्या शेंगा, कांदा-लसूण, नाचणीची आंबील, घरचे ताजे ताक, हे सर्व आजीच्या स्वयंपाकघरात होतेच. २०२१ साली अमेरिकेत ३६ निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगात, आंबवलेले पदार्थ रोज खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाची लक्षणे उतरली. दह्यातील जीवाणू आतड्यात कायमचे बिऱ्हाड करीत नाहीत. म्हणून ते नित्य घ्यावयाचे. आणि एकादशीचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपास धर्मासाठी करावयाचा तर करावा, पोट सुधारण्यासाठी करतो असे म्हणू नये. तंतूंचे प्रमाण मात्र हळूहळू वाढवावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते आणि मग सर्व शास्त्रावरचाच विश्वास उडतो.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पुढील वर्षापासून संमेलनाच्या आदल्या दिवशी महिला डॉक्टरांकडून मुलींची व स्त्रियांची तपासणी व्हावी, आणि तिची माहिती कोणालाही, अगदी वधूवर-सूचक समितीलाही, दिली जाऊ नये. दुसरी सूचना लहान आहे. संमेलनाच्या पंगतीत दोन गोड पदार्थांपैकी एक कमी करून त्या जागी उसळ आणि भाकरी वाढावी. यजमानांची प्रतिष्ठा त्याने कमी होणार नाही.

ती मुलगी आता नियमाने औषध घेते, रोज सकाळी चालावयास जाते, आणि तिची पाळी सुधारू लागली आहे. गेल्या भेटीत कागदावर सर्व लिहून घेण्यास तिच्या आईनेच मला सांगितले. या सभेतील एखाद्या मातेला तेवढे धैर्य आले, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.